परक्यांच्या फायली

सोलापुरात कुणी मला विचारलं की तुम्ही काय काम करता, तर मी 'कॉम्प्युटरचं' एवढंच सांगते. त्याच्या पुढे गेलं की घोळ होतो. नवी पेठेतल्या आमच्या एका कापडवाल्या काकांना मी एकदा हौसेने सगळं समजावून सांगायला बसले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी दुकानातला बिलाचा प्रिंटर रिक्षात घालून माझ्याकडे पाठवून दिला. केला मी तो दुरुस्त. नात्यातलं माणूस, नाही कसं म्हणणार?

त्यामुळे 'अंकासाठी कामाबद्दल लिहा' असा निरोप आला तेव्हा मी आधी नकोच म्हणाले होते. मग वाटलं, प्रिंटर पाठवणारे पाठवोत, एकदा सांगून तर टाकू. शिवाय नरसय्या मास्तरांबद्दल कुठेतरी लिहायचं मनात होतंच, आणि त्यांची हकिकत हे काम कळल्याशिवाय कळणार नाही.

माझी पगाराची नोकरी वेगळी होती. ती आधी पुण्यात केली, वडील अंथरुणाला खिळल्यावर इथे परत आले आणि घरच्या टेबलावरून तीच पुढे रेटली. आता निवृत्त आहे. पण आयुष्यभराचं काम म्हणून जे सांगावंसं वाटतं ते बिनपगारी होतं. जगभरच्या प्रोग्रॅममध्ये वापरली जाणारी एक लायब्ररी आम्ही तिघं सांभाळायचो. मी, पोलंडमधला एक आणि कॅनडातला एक. एकमेकांना आम्ही प्रत्यक्ष कधी पाहिलेलं नाही. ही लायब्ररी म्हणजे वाचनालय नव्हे. प्रोग्रॅम लिहिणारा माणूस सगळंच स्वतः लिहीत बसत नाही. काळा मसाला आता घरोघरी कुणी कुटत नाही, ओळखीच्या ठिकाणचा तयार आणतात, तसं तोही बरंच काही तयार घेतो. आमचा मसाला चित्रं उघडण्याचा होता.

चित्राची फाईल म्हणजे आकड्यांची लांबलचक रांग. सुरुवातीचे आकडे सांगतात की चित्र इतकं रुंद आहे, इतकं उंच आहे, त्यात इतके रंग आहेत. पुढचे आकडे म्हणजे प्रत्यक्ष ठिपके. ते वाचून, तपासून, पडद्यावर मांडता येतील असे करून द्यायचे, याला पार्सिंग म्हणतात. ऐकायला सोपं वाटतं. पण फाईल कुठून येणार, कुणी बनवली असणार, याचा काही पत्ता नसतो. जी येईल ती उघडायची. फोनमध्ये, प्रिंटरमध्ये, दवाखान्यातल्या यंत्रांत, चौकातल्या जाहिरातीच्या पडद्यांत, सगळीकडे आमची लायब्ररी जाऊन बसली होती आणि वापरणाऱ्यांपैकी बहुतेकांना तिचं नावही माहीत नव्हतं. ज्यांना माहीत होतं ते फक्त तक्रारीपुरतं लिहायचे. परदेशातल्या एका मोठ्या कंपनीच्या साहेबांनी कळवलं होतं की तुमच्या नव्या आवृत्तीमुळे आमची चित्रं किंचित हिरवट दिसतात, वरिष्ठ नाराज आहेत, संध्याकाळपर्यंत खुलासा करावा. मी नम्रपणे विचारलं, की आम्ही आपले नेमके कोण लागतो? त्यांचं उत्तर आलं नाही.

आता मुख्य गोष्ट. लग्नात पाहुण्यांनी आधी निरोप द्यावा की आम्ही वीस जण येतोय, आणि आपण वीस पानं मांडावीत, तसं फाईल सुरुवातीला आपला आकार सांगते आणि प्रोग्रॅम तेवढी जागा मोकळी करून ठेवतो. समजा निरोप विसाचा आणि आले दोनशे. शहाणा यजमान दारातच मोजतो. न मोजणारा वाढत सुटतो, आणि माणसं शेजारच्या खोलीत शिरतात, जिथे दागिन्यांचं कपाट आहे. कॉम्प्युटरच्या पोटात त्या शेजारच्या जागेत पुढे काय करायचं याच्या सूचना असू शकतात. कुणी मुद्दाम खोटा आकार सांगून, नेमकी त्या सूचनांवर आपली माणसं बसवली, की यंत्र निमूटपणे त्याचं ऐकू लागतं. त्यासाठी तुम्ही फक्त एक चित्र उघडायचं.

आमच्याकडे दारात मोजणारा होता. पण रुंदी आणि उंची अवाढव्य सांगितली की त्यांचा गुणाकार त्याच्या आवाक्याबाहेर जायचा, आणि जुन्या स्कूटरचं मीटर शेवटाला पोचलं की पुन्हा शून्यापासून सुरू होतं, तसा त्याच्या हाती एक चिमुकला आकडा यायचा. थोडेच दिसताहेत, या म्हणायचा तो.

हे शोधून काढलं परदेशातल्या एका अभ्यासक बाईंनी. मेल अगदी सभ्य होती. सोबत नमुन्याची फाईल. मी ती वेगळ्या ठेवलेल्या कॉम्प्युटरवर उघडली, तर चित्रात राखाडी ठिपक्याशिवाय काही नव्हतं आणि प्रोग्रॅम जागच्या जागी कोसळला. प्रोग्रॅममधली ती गुणाकाराची ओळ कुणी लिहिली हे आम्ही शोधलं. फार पूर्वी काही महिने मदत करून गेलेला एक भला माणूस होता, त्याचा आता पत्ता लागेना. पत्ता लागून तरी काय करणार होतो. त्याच्यामागून आम्ही तिघांनी ती कितीदा तरी वाचली होती, आणि ती वाचायला सुरेख ओळ होती.

अशा वेळी आमच्या धंद्यात एक रीत आहे. ठरलेल्या दिवसापर्यंत बाहेर अवाक्षर काढायचं नाही. मोठ्या कंपन्यांना गुपचूप कळवायचं, दुरुस्ती तयार करायची आणि सगळ्यांनी एकाच दिवशी बाहेर आणायची. कारण दुरुस्ती बाहेर पडली की भोक कुठे होतं तेही कळतं. नव्या गिलाव्याची जागा ओली दिसते. ती बघून चोर त्याच बांधणीच्या दुसऱ्या घरांकडे जातो, जिथे गवंडी अजून पोचलेला नाही. मोठ्यांच्या घरी गवंडी लगेच पोचतो. तुमच्या फोनवर अपडेट करा म्हणून येतं आणि तुम्ही वैतागून 'नंतर' म्हणता, तो हा गवंडी.

मला मात्र पहिल्या दिवसापासून एकच घर डोळ्यांसमोर दिसत होतं.

नरसय्या मास्तर म्हणजे सोलापूरच्या पूर्व भागातल्या विणकर वस्तीतले डिझाईन मास्तर. टॉवेल आणि चादरींवरची नक्षी ते तयार करायचे. माझ्या वडिलांचं सुताचं दुकान होतं तेव्हापासूनची ओळख. पूर्वी ते ग्राफ पेपरवर एकेक चौकोन रंगवायचे, त्यावरून पुठ्ठ्यांना भोकं पाडली जायची आणि ते पुठ्ठे मागावर नक्षी उठवणाऱ्या जकार्ड यंत्रावर चढायचे. पुढे ते सगळं कॉम्प्युटरवर आलं आणि त्यांचा कॉम्प्युटर मीच बसवून दिला. बायको वारली होती, मुलगी लग्न होऊन नांदेडला गेली होती. एका खोलीचं ते दुकान आणि त्यातलं ते एक यंत्र, एवढ्यावर त्यांचं पोट होतं आणि मानही होता. गल्लीत कुणाचा मोर बिघडला, कुणाचं कमळ वाकडं आलं, की मास्तरांकडे जायचे.

त्यांच्या नक्षीच्या प्रोग्रॅममध्ये 'माहिती' म्हणून एक खिडकी होती. त्यात अगदी खाली बारीक अक्षरात आमच्या लायब्ररीचं नाव होतं. पहिल्यांदा दिसलं तेव्हा मला इतका आनंद झाला की मी त्यांना पडद्यावर बोट ठेवून दाखवलं.

"ह्ये तुमचं हाय?" मास्तर म्हणाले. "मग काय काळजी हाय ताई."

तो प्रोग्रॅम बनवणारी परगावची छोटी कंपनी केव्हाच बंद पडली होती. आमची जुनी लायब्ररी तिने प्रोग्रॅममध्ये अशी मुरवून टाकली होती की ती वेगळी काढून नवी घालणं अशक्य. शिजलेल्या भाजीतून मसाला काढता येत नाही. म्हणजे जगाची दुरुस्ती होणार होती, आणि ती झाल्याच्या दिवसापासून मास्तरांचं यंत्र आधीपेक्षा जास्त उघडं पडणार होतं. गल्लीतल्या बाकीच्यांचंही, कारण सगळे तोच प्रोग्रॅम वापरत.

आणि मास्तरांचा धंदाच मुळी परक्यांच्या फायली उघडण्याचा. सुरतेचा व्यापारी फोटो पाठवायचा, असा मोर पाहिजे म्हणून. कुठल्या हॉटेलचं चिन्ह, कुठल्या लग्नातल्या आहेराच्या टॉवेलवरची वधूवरांची नावं. कधी दुसऱ्या मास्तराने अर्धवट केलेली नक्षी. आली की उघडायची. त्या गुप्ततेच्या दिवसांत मी एकदा त्यांच्याकडे गेले आणि बसून राहिले. ते एकामागून एक फायली उघडत होते. मी तोंडाशी आलेलं गिळत होते.

"ताई, तब्येत बरी न्हाय का?" त्यांनी विचारलं.

"ऊन लागलं," मी म्हणाले. खोटं बोलणं मला जमत नाही, पण त्यांनी ते मानून घेतलं आणि माठातलं पाणी दिलं.

ठरलेल्या दिवशी दुरुस्ती बाहेर पडली आणि मी तशीच रिक्षा करून मास्तरांकडे गेले. लग्नाची पंगत, दारात मोजणारा, सगळं सांगितलं. त्यांनी मध्येच थांबवून एकच विचारलं, "नक्ष्या जातील का?" म्हटलं, जाऊ शकतील. चोर सगळं कुलूपबंद करून ठेवतो आणि किल्लीचे पैसे मागतो. ते उठले, कॉम्प्युटरच्या मागे हात घातला आणि नेटची तार स्वतः उपटली.

"तुमी म्हणताय म्हणल्यावर झालं की," म्हणाले.

शेजारच्याच दुकानात बसवराज. तोही डिझाईनचंच काम करतो, वयाने लहान, आमच्या लांबच्या नात्यातला, मला अक्का म्हणतो. त्यालाही सांगितलं. तो पोट धरून हसला.

"अक्का, लई भेव घालू नका की. माझ्या मशीनमधी काय सोनं हाय व्हय? चोर आला तर चार टॉवेल बांधून दीन त्येला."

"बसू, थट्टा नाही ही."

"थट्टा कुटं करतोय? तार काढली तर पार्टी काय माझ्या तोंडाकडं बघून ऑर्डर देनार हाय? बसा, च्या घ्या."

चहा घेतला आणि आणखी दोन-तीन दुकानांत फिरले. सगळीकडे पाहुणचार झाला, तार कुणी काढली नाही. गल्लीत फक्त मास्तरांनी माझं ऐकलं.

त्यांचं काम अडू नये म्हणून मी माझा जुना लॅपटॉप त्यांच्याकडे नेऊन ठेवला. बाहेरची फाईल आधी त्यावर यायची, दुरुस्त झालेल्या लायब्ररीने उघडली जायची, तिथून नवी कोरी फाईल तयार व्हायची आणि ती पेनड्राइव्हने मास्तरांच्या यंत्रात. मला ही सोय फार चांगली साधली असं वाटत होतं. दोघंही खूश होतो.

मग एका व्यापाऱ्याने नमुन्याचा टॉवेल आणून मास्तरांच्या टेबलावर टाकला. "मास्तर, ह्ये काय केलंय?" नावाची अक्षरं वर उठून यायला हवी होती, ती खाली दबली होती, आणि अक्षरांमागची सपाट राहायची ती जमीन सगळी लोकरीसारखी फुगून वर आली होती. आम्ही दोघं टॉवेल आणि पडद्यावरची नक्षी ताडून बघायला बसलो. कारण सापडायला दुपार गेली. विणकामाच्या नक्षीत लाल म्हणजे लाल रंग नसतो. तो रंग कितव्या क्रमांकाचा आहे यावरून तिथे कुठली वीण घ्यायची ते मागाला कळतं. माझ्या लॅपटॉपवरून निघालेली फाईल डोळ्यांना हुबेहूब तीच दिसायची, पण रंगांचे क्रमांक मागेपुढे झालेले असायचे. मला रंग म्हणजे रंगच वाटत होता, आणि मास्तरांना वाटत होतं की चित्र तेच दिसतंय म्हणजे फाईल तीच आहे.

तेव्हापासून मास्तर प्रत्येक फाईलचा एकेक रंग हाताने तपासू लागले. मी लॅपटॉपवरची व्यवस्था बदलून दिली, क्रमांक जागेवर राहतील असं केलं, तरी त्यांच्या मनातली शंका गेली नाही. काम दुप्पट वेळ खाऊ लागलं. तिकडे बसूच्या दुकानात व्यापारी फोनवर बोलता बोलता पडद्यावर नक्षी बघायचा, हे जरा मोठं करा, ते जरा लहान करा म्हणायचा आणि तिथल्या तिथे पक्कं करून टाकायचा. मास्तरांचे व्यापारी भिंतीपलीकडे जायला लागले. कुणी भांडून गेलं नाही. यायचे, रामराम करायचे, आणि शेजारी शिरायचे.

मी हातपाय मारले. बंद पडलेल्या कंपनीतल्या लोकांना शोधून मेल केल्या, कुणी उत्तर दिलं नाही. नव्या प्रोग्रॅममध्ये जुन्या नक्ष्या उघडत नव्हत्या, आणि तो माझ्या खर्चाने घेऊन देते म्हटलं तर मास्तर म्हणाले, "ताईकडनं घिऊ व्हय?" आणि विषय संपवला.

एकदा त्यांनी विचारलं, "ताई, त्यो चोर आला का वो कुटं?"

"आला असेल. बाहेर देशात एका ठिकाणी आला म्हणतात."

"हितं?"

"इथलं काही कळलं नाही मास्तर."

"गल्लीत तर कुनाकडं न्हाय आला."

ते दुखवायला म्हणाले नव्हते, खरंच विचारत होते. आमचं काम नीट झालं तर काहीच घडत नाही, आणि जे घडलंच नाही ते कुणाला बोट ठेवून दाखवायचं? मास्तरांचं यंत्र तार काढल्यामुळे वाचलं, की त्याच्याकडे कुणी फिरकणारच नव्हतं, हे मला आजही सांगता येत नाही. त्या दिवसांत घरी परत येताना माझ्या मनात यायचं की बसूचं यंत्र एकदा, अगदी एकदाच, बंद पडावं. म्हणजे मास्तरांना कळेल. सख्ख्यासारखा मुलगा तो, दिवाळीला फराळ घेऊन येतो, आणि मी त्याचं वाईट चिंतत होते. स्वतःचीच शिसारी आली मला.

"मग जोडू का तार?" चोराचं विचारलं त्याच दिवशी मास्तरांनी हेही विचारलं होतं.

मला जोडा म्हणवेना. नका जोडू म्हणायलाही जीभ रेटेना. माझ्या तोंडाकडे बघून तेच म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. तुमाला बरं वाटत न्हाय म्हणल्यावर नको."

त्यानंतर डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मी बहिणीकडे पुण्याला गेले आणि तिकडेच लांबले. परत आल्यावर गल्लीत गेले तर मास्तरांच्या दुकानात मोबाइलची कव्हरं टांगलेली. आतल्या माणसाला मास्तर माहीतही नव्हते. मी दारातच उभी राहिले. तेवढ्यात बसूने पाहिलं.

"अक्का, कवा आला? या की आत. मास्तर हितंच असत्यात आता."

आत त्याने आणखी एक टेबल टाकलं होतं. गादीची चांगली खुर्ची होती, वर पंखा होता. खुर्चीवर मास्तर बसले होते. समोर तोच जुना प्रोग्रॅम, आणि यंत्राच्या मागून निघालेली निळी तार भिंतीवरून नेटच्या डब्यात गेलेली. मास्तर वाळले होते, पण दाढी केलेली, शर्ट धुतलेला. मला बघून हसले.

"मास्तरांमुळं काम वाढलं बघा आपलं," बसू म्हणाला. मनापासून म्हणत होता. "आता कुठला बी निर्णय असू दे, मी त्यांना इचारल्याशिवाय करत न्हाय. थांबा, च्या सांगून येतो." आणि तो बाहेर गेला.

त्याच क्षणी पडद्यावर फाईल आली. कुणा व्यापाऱ्याची, नाव ओळखीचं नव्हतं. मास्तरांचा हात माऊसवर होता. मी तोंड उघडलं, आणि ते वळून न बघताच बोलले.

"ताई, हितं काय बोलू नका."

मी स्टूल ओढून त्यांच्याजवळ बसले.

"आदी त्येनं ऐकलं नसतं. आता तुमी सांगितलं आन् मी व्हय म्हणलं, तर ऐकंल त्यो. तार काढंल." ते दाराकडे एकदा बघून घेऊन हळूच म्हणाले, "मग मी कुटं जाऊ?"

बाहेरून बसूचा आवाज येत होता, तीन कप, एक बिनसाखरेचा. मास्तरांनी फाईल उघडली. चित्र नीट उघडलं. लग्नातल्या आहेराचा टॉवेल होता, खाली दोन नावं. ते पुढे वाकून अक्षरं बघू लागले.